शेळी, देवमासा आणि पाठभेद

एक साधा प्रश्न. आमच्या वाशीच्या आठवडी बाजारात विकायला आणलेली एखादी काळीभोर उस्मानाबादी शेळी घ्या. तिचं जवळचं नातं कुणाशी? वरातीच्या घोड्याशी, की अरबी समुद्रातल्या देवमाशाशी?

घोडा म्हणालात ना? चार पाय, खूर, चारा खाणं, अंगावर केस. उत्तर अगदी शहाण्यासारखं आहे, फक्त चूक आहे. शेळीचा जवळचा नातेवाईक देवमासा. घोडा बराच लांबचा.

(वाशी म्हणजे नवी मुंबईतलं नव्हे बरं का. धाराशिव जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या पठारावरचं तालुक्याचं गाव. ऑफिसात 'मी वाशीचा' म्हटलं की लोक हार्बर लाइनच्या गर्दीबद्दल विचारतात. मी आता खुलासा करणं सोडून दिलंय.)

मामाला मी हे फोनवर सांगितलं. त्याच्याकडे आजही दहा-बारा शेळ्या आहेत. "मामा, तुझी शेळी आन् देवमासा भाऊबंद हायेत." मामा जरा थांबला आणि म्हणाला, "आसंल. वाटणीला आला न्हाई म्हंजी झालं."

आता हे शोधलं कसं, ही गोष्ट मला स्वतःला भयंकर आवडते, कारण तिच्यात दोन पक्ष आहेत, पन्नास वर्षांचं भांडण आहे, आणि शेवटी निकाल लागतो तोही एका पायाच्या हाडावर.

सुरुवात थोडी मागून करू. लिनियसने आधी देवमाशाला माशांत टाकलं होतं. १७५८च्या दहाव्या आवृत्तीत त्याने तो सस्तन प्राण्यांत हलवला. पण सस्तनांत नेमका कुठे? डार्विनने १८५९ साली 'ओरिजिन'च्या पहिल्या आवृत्तीत एका काळ्या अस्वलाचा उल्लेख केला, तोंड उघडं ठेवून तासन् तास पोहत पाण्यातले किडे गिळणाऱ्या. असं अस्वल पिढ्यान् पिढ्या बदलत गेलं तर देवमाशासारखं काहीतरी होईल, असं त्याचं म्हणणं. लोकांनी इतकी टिंगल केली की पुढच्या आवृत्तीत हा भाग त्याने छाटून टाकला. १८८३मध्ये विल्यम फ्लॉवर या इंग्रज शास्त्रज्ञाने एका व्याख्यानात सांगितलं की अस्वल वगैरे जाऊ द्या, देवमाशाचे अवयव बघितले तर तो खुरवाल्यांकडचा वाटतो. पण वाटणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं.

विसाव्या शतकात पहिल्यांदा हाडं सोडून रक्ताकडे बघायला सुरुवात झाली. केंब्रिजमध्ये जॉर्ज नटॉल नावाचा माणूस सशाला एका प्राण्याचं रक्त टोचायचा, सशाच्या शरीरात त्याविरुद्ध जे तयार होईल ते काढून घ्यायचा, आणि मग ते दुसऱ्या प्राण्याच्या रक्तात मिसळायचा. जितकी जवळची नाती तितका साका दाट. १९०४ साली त्याने अशा सुमारे १६,००० चाचण्यांचं पुस्तक छापलं. एक्सेल नाही, डेटाबेस नाही. सोळा हजार! हीच रीत वापरून १९५० साली बॉयडन आणि गेमेरॉय या दोघांनी दाखवलं की देवमाशाचं रक्त समखुरी प्राण्यांशी, म्हणजे गाय-शेळी-डुक्कर या दुभंगलेल्या खुराच्या मंडळींशी, सर्वात जास्त जुळतं.

हाडंवाल्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. त्यांच्याकडे स्वतःचा उमेदवार होता. १९६६मध्ये व्हॅन व्हॅलेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडलं की देवमासे 'मेसोनिकिड' या नामशेष, खूर असलेल्या पण मांस खाणाऱ्या प्राण्यांपासून आले. दात अगदी सारखे, त्रिकोणी. पुढची तीस वर्षं पाठ्यपुस्तकांत हेच होतं.

इथे मला भांडारकर संस्थेत शिरायचंय. विषयांतर वाटेल, पण नाहीये.

पुण्यात १९१९ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. काश्मीरपासून केरळपर्यंतची शेकडो हस्तलिखितं, प्रत्येकाचा पाठ वेगळा. व्यासांनी (किंवा ज्याने कुणी) लिहिलेली मूळ प्रत कुणाकडेच नाही. मग मूळ काय असेल ते ठरवायचं कसं? विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९३३मध्ये आदिपर्वाच्या प्रस्तावनेत हस्तलिखितांची चक्क वंशावळच काढून दाखवली. त्यामागचं सर्वात सोपं तत्त्व असं. दोन पोथ्यांमध्ये बरोबर शब्द सारखे असतील तर त्यावरून काहीच कळत नाही, बरोबर शब्द सगळ्यांकडेच असणार. पण दोघींत एकाच ओळीत एकच विचित्र चूक असेल, तर त्या एकाच प्रतीवरून उतरवलेल्या आहेत. चूक हाच वारसा. हे काम पूर्ण व्हायला १९६६ साल उजाडलं.

तसं बघितलं तर आपल्याकडे हा प्रकार त्याहून जुना आहे. नाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणला ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. पोथी उतरवताना माणसं चुकतात आणि पुढचा माणूस ती चूक इमानेइतबारे उतरवतो, हे त्यांना साडेचारशे वर्षांपूर्वी पक्कं माहीत होतं.

इंजिनिअरिंगला जर्नल कॉपी केलेल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. सर पकडायचे ते उत्तर सारखं आलं म्हणून नव्हे. सातव्या प्रयोगात तिसऱ्या रीडिंगला तेराजणांनी एकच खाडाखोड उतरवली म्हणून पकडायचे :)

तर, डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली पोथी. शेळीची पोथी साधारण २९० कोटी अक्षरांची. प्रत्येक पिढीत नक्कल होते आणि नक्कल करताना काही चुका होतात. १९६२मध्ये झुकरकॅन्डल आणि पाउलिंग यांनी हिमोग्लोबिनकडे बघून सुचवलं की या चुका ठरावीक गतीने साचत असाव्यात, म्हणजे फरक मोजले की दोन प्राणी कधी वेगळे झाले याचा अंदाज करता येईल. पण तेव्हा पोथी वाचायचीच सोय नव्हती. ती सँगरने १९७७ साली केली. पुढे १९८३ला पीसीआर आलं, म्हणजे पोथीचं हवं ते एकच पान काढून त्याच्या कोट्यवधी झेरॉक्स मारायची सोय.

आपल्या धंद्यातल्या माणसाला वाटेल, मग काय राहिलं? दोन फायली घ्या, डिफ मारा, ज्यात फरक कमी ते सख्खे. मलाही हे पहिल्यांदा वाचताना असंच वाटलं होतं. भानगड पुढे आहे. तीन प्राण्यांचा वंशवृक्ष तीन प्रकारे काढता येतो. चार प्राण्यांचा पंधरा प्रकारे. पाचाचा १०५. दहा प्राणी घेतले की ३,४४,५९,४२५. वीस घेतले की सगळी झाडं तपासून संपण्याआधी सूर्य विझेल. म्हणून सरसकट शोध न घेता युक्त्या कराव्या लागतात. सायतौ आणि नेई या जोडीची १९८७ची एक झटपट युक्ती आहे, जवळच्या शेजाऱ्यांना जोडत जायची. फेल्झेनस्टाइनने १९८१मध्ये डीएनएसाठी दिलेली रीत संभाव्यतेची आहे. हे झाड खरं असेल तर आज दिसतायत ती अक्षरं दिसण्याची शक्यता किती, असा तिचा प्रश्न. याच गृहस्थाने त्याआधी १९७८लाच एक सापळाही दाखवून ठेवला होता. दोन फांद्यांवर बदल फार वेगाने झाले असतील, तर त्या लांबच्या असूनही योगायोगाने सारख्या दिसायला लागतात आणि साधी पद्धत त्यांना भाऊ ठरवते. अक्षरं फक्त चार आहेत, वारंवार बदललं की कधीतरी जुळणारच. डेटा वाढवला तरी हा घोळ जात नाही, उलट चुकीच्या उत्तराबद्दलची खात्री वाढते. मोठ्या डेटावर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य मॉनिटरला चिकटवून ठेवायला हरकत नाही.

परत देवमाशाकडे. १९९४मध्ये ग्रॉर आणि हिगिन्स यांनी उपलब्ध प्रथिनं आणि जनुकं जुळवून सांगितलं की देवमासा समखुरींचा शेजारी नाही, तो त्यांच्या घराच्या आतच आहे. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात तो पाणघोड्याजवळ सापडला. १९९६ला गेट्सी आणि सहकाऱ्यांनी दुधातल्या केसीनची जनुकं तपासली. आजीच्या कासंडीत फेसाळत पडणाऱ्या दुधात जे प्रथिन असतं तेच, फक्त देवमाशाचं. पुन्हा तेच उत्तर, पाणघोडा आणि देवमासा. हाडंवाले म्हणाले, हा तुमच्या पद्धतीचा दोष, वर सांगितलेला सापळा. आक्षेप चुकीचा नव्हता. अक्षरांच्या मोजणीत योगायोगाला जागा असतेच.

मग योगायोगाला जागाच नसेल असा पुरावा हवा. तो टोकियोच्या नोरिहिरो ओकादांच्या गटाने आणला. जीनोममध्ये काही तुकडे असे असतात जे स्वतःची कॉपी करून दुसरीकडे कुठेतरी पेस्ट करतात. शे-दोनशे अक्षरांचे, बहुतेक निरुपयोगी. कोट्यवधी जागांतली कुठली जागा मिळेल याचा नेम नाही, आणि एकदा चिकटला की सहसा निघत नाही. मग तोच तुकडा दोन प्राण्यांत अगदी त्याच ठिकाणी सापडला, तर? तेच, तिसऱ्या रीडिंगची खाडाखोड. १९९७ आणि १९९९ साली त्यांनी अशा तुकड्यांचा हिशेब छापला. काही तुकडे फक्त देवमासा आणि पाणघोडा यांच्यात. काही या दोघांत आणि रवंथ करणाऱ्यांत, म्हणजे गाय-मेंढी-शेळीत, पण डुकरात नाहीत. उंट सगळ्यात आधी बाजूला झालेला. मला विचाराल तर आख्ख्या प्रकरणातला हा सर्वात देखणा पुरावा आहे. कुठलंही सांख्यिकी नाही, फक्त 'आहे' आणि 'नाही'.

हाडांनाही बोलायची संधी मिळाली. समखुरी प्राण्यांच्या घोट्यात एक हाड असतं, त्याच्या दोन्ही टोकांना रहाटाच्या कप्पीसारखी खोबण असते. पायाचं सूप चवीने खाणाऱ्यांनी ते हाताळलेलं असणार. ही दुहेरी कप्पी समखुरींची सही समजली जाते, मेसोनिकिडांत ती नाही. आजच्या देवमाशाला मागचे पायच नाहीत, तर घोटा बघणार कुठे? २००१च्या सप्टेंबरमध्ये, एका दिवसाच्या अंतराने, दोन गटांनी उत्तर दिलं. गिंगरिच यांच्या गटाला बलुचिस्तानात पाय असलेल्या देवमाशांचे सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीचे सांगाडे मिळाले होते, थेविसन यांच्या गटाकडे पाकिस्तानातलाच त्याहून जुना पाकिसेटस. दोन्हीकडे घोट्यात दुहेरी कप्पी. विशेष म्हणजे गिंगरिच स्वतः मेसोनिकिडच्या बाजूचे होते. हाड हातात आल्यावर त्यांनी बाजू बदलली, उगाच आढेवेढे न घेता.

यात भारताचं प्रकरण फारसं कुणी सांगत नाही. ए. रंगा राव नावाच्या भारतीय भूवैज्ञानिकाने जम्मूतल्या कालाकोटजवळ खडक गोळा केले होते आणि १९७१मध्ये त्यातल्या एका प्राण्याला 'इंडोहायस' नाव दिलं होतं. ते गेल्यावर बरेचसे खडक न फोडताच पडून होते. त्यांच्या पत्नीने ते थेविसनच्या हवाली केले. खडक साफ करताना एका कवटीचा कानाचा भाग तुटला आणि आत दिसली कानाच्या हाडाची ती जाड भिंत, जी तोवर फक्त देवमाशांतच माहीत होती. मांजराएवढा, हरणासारख्या बारीक पायांचा, ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी. २००७मध्ये थेविसन, रुरकीचे सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी तो जगापुढे आणला. बाजपेयींनी त्याआधी कच्छमधल्या प्राचीन देवमाशांवरही काम केलेलं आहे. देवमाशाचं माहेर शोधायचं तर आपल्याच उपखंडात यावं लागतं.

जीनोमच्या हिशेबाने देवमासा आणि पाणघोडा साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, शेळीची फांदी त्याच्या थोडी आधी फुटली. घोड्याची फांदी तर डायनासोर जिवंत असतानाच दूर गेली होती.

आता कुणी म्हणेल, डीएनए एकदा हातात आलं की संपलं. सुकथनकर हसले असते. पोथ्यांची वंशावळ काढताना त्यांची खरी डोकेदुखी वेगळीच होती. पोथी उतरवणारे लोक दोन-दोन प्रती समोर ठेवायचे आणि दुसऱ्या शाखेतला आवडलेला श्लोक आपल्यात घालायचे. मग वंशावळ झाड राहत नाही, जाळं होतं.

शेळीच्या जीनोममध्ये असा एक घुसवलेला श्लोक आहे आणि तो चक्क साप-सरड्यांच्या पोथीतला आहे. 'बोव्ह-बी' नावाचा हा स्वतःला कॉपी-पेस्ट करणारा तुकडा. स्लोव्हेनियातल्या कोर्डिश आणि गुबेन्शेक यांच्या नव्वदच्या दशकात लक्षात आलं की गाय-शेळीतला बोव्ह-बी आणि घोणशीच्या जातकुळीतल्या एका युरोपी सापातला बोव्ह-बी विलक्षण सारखे आहेत. २०१३मध्ये ॲडलेडच्या डेव्हिड ॲडेल्सन यांच्या गटाने तो डझनावारी प्राण्यांत शोधला. गायीच्या जीनोममधला सुमारे पाव हिस्सा या तुकड्याच्या आणि त्याच्या पिल्लावळीच्या कॉप्यांनी भरलेला आहे! फक्त या तुकड्यावरून वंशवृक्ष काढला तर गाय आणि शेळी सरळ साप-सरड्यांच्या शेजारी जाऊन बसतात. हा गेला कसा? त्यांना तो सरड्यांचं रक्त पिणाऱ्या गोचिडांमध्येही सापडला. म्हणजे गोचीड आज याला चावला, उद्या त्याला, आणि मध्ये कधीतरी पोथीचं पान इकडून तिकडे गेलं. सुट्टीत गावी गेलं की माझ्याकडे शेळ्यांच्या कानातले गोचीड काढायचं काम असायचं. तो प्राणी इतका मोठा कारभारी असेल असं कधी वाटलं नव्हतं.

(देवमाशात हा नाही, तो रवंथवाल्यांत नंतर शिरला. तेव्हा भाऊबंदकीचा निकाल शाबूत आहे.)

एवढं दूरचं बोलून झालं, आता घरचं. जिल्ह्याचं नाव २०२३ला अधिकृतपणे धाराशिव झालं, शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे. काळी, लोंबते कान, बहुतेकदा जुळी देणारी, उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगांवरही निभावणारी. भारतात २०१९च्या पशुगणनेत सुमारे १४.८९ कोटी शेळ्या होत्या. आमच्या घरात त्यांचा अर्थ वेगळा होता, माझ्या पहिल्या वर्षाच्या फीमध्ये आजीच्या दोन बोकडांचा आणि एका पाटीचा वाटा आहे.

ही शेळी आली कुठून? जगातल्या सगळ्या पाळीव शेळ्यांचा पूर्वज म्हणजे बेझोआर ही पश्चिम आशियातली डोंगरी रानशेळी, साधारण दहा हजार वर्षांपूर्वी माणसाळलेली. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या लालजी सिंग, थंगराज आणि सहकाऱ्यांनी २००४ साली भारतातल्या १० जातींच्या ३६३ शेळ्यांचा मातृवंशाचा डीएनए वाचला. एकाच ठिकाणच्या एकाच कळपातून सगळ्या आल्या, असं त्यावरून म्हणता येईना. २०१८मध्ये डेली आणि सहकाऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वीच्या शेळ्यांच्या हाडांतून जीनोम काढले तेव्हा दिसलं की पश्चिम आशियातच निरनिराळ्या ठिकाणचे कळप वेगवेगळे होते. युरोपातल्या शेळ्या पश्चिमेकडच्या कळपांच्या वळणाच्या, आशियातल्या इराणकडच्या.

मामाचा प्रश्न मात्र दहा हजार वर्षांपूर्वीचा नाही, पुढच्या बाजाराचा आहे. बोअर, बीटल, सिरोही असे बाहेरचे बोकड सगळीकडे आलेत. वजन लवकर भरतं, पैसे बरे येतात. दुष्काळात त्यांच्या पिल्लांचं काय होतं ते दुष्काळ आल्यावर कळतं. आणि बाजारात उभा असलेला प्रत्येक काळा बोकड 'अस्सल उस्मानाबादी' म्हणून विकला जातो. दात बघून वय कळतं, आजोबा कोण होते ते कळत नाही. जीनोमला कळतं, निदान कळायला हवं.

इथे अडचण आहे. शेळीचा जीनोम तपासायची जी चिप २०१४मध्ये आली, ती पोथीतल्या सुमारे ५० हजार ठरावीक जागा बघते. या जागा ठरवल्या त्या अल्पाइन, सानेन, बोअर वगैरे मोजक्या जाती बघून. त्यात भारतातली एकही नव्हती. त्या जातींमध्ये जिथे फरक पडतो तिथेच चिप बघणार. आमच्या शेळीत काही खास असलं आणि ते भलत्याच पानावर असलं, तर तिला दिसणारच नाही. पूर्ण जीनोम वाचला तरी तो एका संदर्भ-प्रतीशी ताडून बघतात. २०१७मध्ये तयार झालेली, प्रचंड वापरली गेलेली ती प्रत एकाच बोकडाची आहे. कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन क्लेमेंटी बेटावरच्या जातीचा तो बोकड, आणि त्याचं नाव, शपथेवर सांगतो, पापडम.

भांडारकर संस्थेत असं केलं असतं तर? केरळातली एक पोथी घेऊन काश्मीरच्या पोथीत तिच्याशी न जुळणारं सगळं 'जास्तीचं' म्हणून बाजूला ठेवलं असतं तर? आता निरनिराळ्या जातींचे जीनोम एकत्र करून संदर्भ बनवायचं काम जगभर चालू आहे, ते ठीकच आहे. त्यात उस्मानाबादीची पानं भरपूर असावीत, आणि ती अजून बिनभेसळ कळप शिल्लक आहेत तोवर घेतलेली असावीत, एवढीच माझी इच्छा.

मामाला पापडमबद्दल सांगितलं. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे. त्या पापडाचं कान लोंबतं हायेत का उभं?"